काचेवरचं सोनं

लमियतची गाडी गल्लीत शिरली की आधी भोंगा ऐकू येतो, मग आंबवलेल्या माशांचा वास येतो आणि सगळ्यात शेवटी लमियत दिसते. भोंग्यात तिचाच आवाज भरून ठेवलेला आहे. "बांबूचे कोंब आले, कोळंबी आली, गवती चहा आला. पपई दाबून बघू नका, मी दाबून बघितलेली आहे." अंगाने काडी, आवाजाने ढोल. पिकअपच्या हौद्यावर लोखंडी सांगाडा आणि त्याला चारी बाजूंनी टांगलेल्या पिशव्या, एकेका पिशवीत एका घराच्या एका वेळच्या स्वयंपाकाचं सामान. आमच्या लोम साक गावात हिला झुपक्यांची गाडी म्हणतात. गावात अशा चार-पाच आहेत, पण घाट चढून नाम नाओच्या बाजूच्या वाड्यांवर जाणारी हिची एकटीची.

मी थाविन, मिस्त्री. बर्फाच्या कारखान्यासमोर माझं गॅरेज आहे. चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय, त्यामुळे माणसं मला चेहऱ्यापेक्षा त्यांच्या सायलेन्सरवरून लवकर ओळखू येतात. लमियतबद्दल सांगतोय ते तिचं कौतुक करायचं म्हणून नव्हे. तिला कौतुक सोसत नाही आणि मला ते करता येत नाही. पण तिच्या गाडीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

तिचा नवरा बुनथियम. ही घाटातली फेरी आधी त्याची होती. तो चालवायचा, ही शेजारी बसून पिशव्यांना गाठी मारायची आणि रस्ताभर बडबडायची. सहा वर्षांपूर्वी घाटातल्या तिसऱ्या वळणावर, भर चढावर, त्याच्या जुन्या गाडीचं इंजिन बंद पडलं. इंजिन गेलं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही वळत नाही. गाडी मागे सरकत गेली ती दरीत. लमियत त्या दिवशी तापाने घरी पडून होती. ती गाडी दुरुस्तीला माझ्याकडे यायची नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक विचारतात.

त्यानंतर चार वर्षं ती घाटाच्या वाटेला गेली नाही. मोटारसायकलला साइडकार जोडून गावातच विकायची. गावात विकणारे पाच आणि खाणारी तोंडं तेवढीच, तेव्हा कसंबसं भागायचं. वरच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बाजाराच्या दिवशी खाली आल्या की तिला गाठून टोमणे मारायच्या. "लमियत, सुके मासे खाऊन खाऊन आम्हीच सुकलो गं. तू येणार की आम्ही मेल्यावरच फुलं घेऊन येणार?" ती हसायची, त्यांच्या पिशवीत मूठभर मिरच्या जास्त टाकायची. पण घाटाचा विषय निघाला की तिचे हात गार पडायचे. एकदा मला लिंबं देताना तिची बोटं माझ्या तळहाताला लागली होती. भर उन्हाळ्यात ती बर्फाच्या लादीवरून काढल्यासारखी लागली.

मग विरोट शेठच्या आवारात ही पिकअप आली. विरोट शेठ बायपासजवळ जुन्या गाड्या विकतो. गाडी बारा वर्षांची, राखाडी, डिझेलवरची. गाड्या तिथे तीस होत्या, पण लमियत हिच्यापुढेच उभी राहिली. कारण मीटरच्या काचेवर, उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, मूर्तीला लावतात तसं सोन्याच्या वर्खाचं पान चिकटवलेलं होतं. एकावर एक अशी तीन-चार पानं असावीत, नखाएवढी जाड नाही पण चांगली घट्ट बसलेली, कडेने थोडी चुरगळलेली.

"मोठ्या भन्तेंनी स्वतःच्या हाताने लावलेलं आहे," विरोट शेठ म्हणाला. "त्यांच्या शेवटच्या वर्षी. नंतर त्यांनी कुणाच्या गाडीला हात लावला नाही."

पलीकडच्या विहारातले आमचे मोठे भन्ते तेव्हा वारून तीन वर्षं झाली होती. ते हयात असताना तीन प्रांतांतले ट्रकवाले गाड्या घेऊन त्यांच्याकडे रांग लावायचे. घाटातून सुखरूप आलेला प्रत्येक जण त्यांचं नाव घ्यायचा, आणि न आलेल्यांबद्दल कुणी बोलायचं नाही. लमियतने सोनं बघितलं आणि मला निरोप धाडला, "मिस्त्री, येऊन बघून जा."

मी गेलो. तीन तास गाडी बघितली. खाली झोपून चेसिस ठोकून बघितली, गंज कुठे आहे आणि कुठे रंगाने झाकलाय ते बघितलं. पाटे, बेअरिंगं, ब्रेकचे पाइप बघितले. ऑइल बोटावर चोळलं, धूर बघितला, वास घेतला. विरोट शेठचा चेहरा हळूहळू पडत गेला. मला ते आवडतं. शेवटी चालकाच्या जागेवर बसलो आणि किल्ली फिरवली. मीटरमधले दिवे लागले, मग विझले. उजव्या कोपऱ्यात सोनं. मी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि खाली उतरलो.

"गाडी चांगली आहे," मी म्हणालो. "घ्या."

तिने घेतली. तिचा जन्म बुधवारचा, तिला हिरवा रंग लाभतो. राखाडी गाडीला परत रंग देणं परवडत नव्हतं, म्हणून मागच्या काचेवर सगळे लावतात तशी पट्टी लावली, "ही गाडी हिरव्या रंगाची आहे." माझी बायको सुनी म्हणाली, "बरं झालं. आता तुमच्या डोक्यावरही एक लावू, इथे केस आहेत म्हणून."

पहिल्या दिवशी लमियत घाटात गेली तेव्हा अर्धा बाजार तिची वाट बघत थांबला होता. दुपारी ती परत आली. सांगाड्यावर एक पिशवी शिल्लक नव्हती. गाडीतून उतरून थेट माझ्याकडे आली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "बघा." मी हात लावून बघितला. उबदार होते.

दोन वर्षं ती रोज चढली. गावात चार गल्ल्या आणि वर सात वाड्या. वरच्या म्हाताऱ्यांची औषधं आणायची, लग्नाच्या पत्रिका पोचवायची, एकदा एक डुक्कर आणि त्याच्याबरोबर त्याच्या मालकालाही घेऊन आली. आल्यावर सांगायची, डुक्कर जास्त शहाणं होतं. तिच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला होता. बुनथियम गेल्यापासून तो बंद होता, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं.

आणि एक गोष्ट ती सगळ्यांना सांगायची. "पहाटे घाट लागला की सोनं उजळतं. गावात नाही, सपाटीवर नाही. चढ लागला, अंधार असला की कडेकडेने नारिंगी होतं. मोठे भन्ते जागे होतात."

बाजारातल्या निम्म्या लोकांनी तिच्या गाडीच्या नंबरवर लॉटरीची तिकिटं घेतली. दोघांना लागलीही, तेव्हा तर बोलायलाच नको. मी म्हणालो, "वहिनी, समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड पडत असेल."

"पहाटे साडेचारला नाम नाओहून समोरून कोण येतं? तुमचे पूर्वज?"

माझा विश्वास होता असं नाही, नव्हता असंही नाही. गॅरेजमध्ये काम असलं की माणूस अशा गोष्टींवर फार विचार करत नाही.

यंदा थंडी सुरू झाली आणि ती माझ्याकडे आली. तिसऱ्या वळणाच्या जरा अलीकडे गाडी दम सोडते म्हणाली. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबला तरी गाडी पुढे ओढत नाही, खोकल्यासारखं करते, मग परत चालते. मी डिझेलचा फिल्टर बदलला. आठ दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. टाकी साफ केली. पुन्हा तेच. तिने स्वतःच कारण शोधून काढलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "पौर्णिमेच्या दिवशी मी वरती तांदळाची दारू नेली. चार बाटल्या. भन्तेंच्या समोरून."

"वहिनी, दारूने इंजिन बिघडत नाही. पिणारा बिघडतो."

"तुम्हाला काय कळतंय." तिने त्या दिवसापासून दारू नेणं बंद केलं. वरच्या पुरुषांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. गाडी दम सोडतच राहिली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिने मला सांगितलं, "आता तर सोनं फारच उजळतं. चढ लागल्यापासून वर पोचेपर्यंत. भन्ते रागावलेत की सांभाळतायत, तेच कळत नाही. मी आपली सोन्याकडे बघते आणि पाय दाबते."

पाय दाबते, हे शब्द मला नंतर आठवले. ऐकले तेव्हा मी एका ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये डोकं घालून बसलो होतो.

माझ्याकडे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र नाही. मी कानाने काम करतो, असं मी चाळीस वर्षं सांगत आलोय. शेवटी नाक मुठीत धरून बाजारातल्या नव्या गॅरेजवाल्याकडून त्याचं यंत्र मागून आणलं. त्याने ते देताना कसा चेहरा केला, ते सांगत नाही. गाडी माझ्याकडे होती, लमियत साइडकार घेऊन गावात विकायला गेली होती. यंत्राची वायर लावली, किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं आणि वाचलं. डिझेलच्या पंपावर एक छोटा व्हॉल्व असतो, तो इंजिनला लागेल तेवढं डिझेल मोजून सोडतो. तो अडकत होता. सपाटीवर भागून जायचं, पण चढावर जास्त डिझेल लागलं की हा घसा धरायचा. एक दिवस पूर्ण बंद पडला असता आणि इंजिन जागच्या जागी गेलं असतं. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. इशाऱ्याचा दिवा: चालू.

मी मीटरकडे बघितलं. दिवा कुठेच नव्हता. पुन्हा यंत्राकडे बघितलं. चालू. मग उठलो, गॅरेजचं शटर खाली ओढलं आणि अंधारात परत येऊन बसलो. उजव्या कोपऱ्यात, सोन्याच्या पानांच्या चुरगळलेल्या कडेने, नारिंगी रंगाची बारीक रेघ उजळलेली होती.

या वेळी मी हात जोडले नाहीत.

किल्ली फिरवली की इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन चालू झालं की विझलाच पाहिजे. ही बारावीत शिकायची गोष्ट नाही, पहिल्या आठवड्यात शिकवतात. दोन वर्षांपूर्वी विरोट शेठच्या आवारात मी किल्ली फिरवली तेव्हा तो दिवा दिसला नव्हता, आणि तो का दिसत नाही हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. तिथे सोनं होतं. दिवा तिला घाटात रोज ओरडून सांगत होता, थांब, आणि ती त्याला मोठ्या भन्तेंचा आशीर्वाद समजून पाय दाबत होती. बुनथियमची गाडी माझ्या हातची नव्हती. ही होती.

सुनीला बोलावून दाखवलं.

"काढा मग ते," ती म्हणाली.

"तू काढ."

"मी? मोठ्या भन्तेंच्या हातचं? बायकांनी हात लावायचा असतो होय?"

"मग मी कुठला साधू लागून गेलो?"

"तुम्ही मिस्त्री. मीटर उघडता की तुम्ही."

"मीटर उघडतो. हे नाही."

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून, फुलं आणि उदबत्त्या घेऊन विहारात गेलो. आताचे भन्ते वीस वर्षं मोठ्या भन्तेंच्या सेवेत होते. ते बोधिवृक्षाखालची पानं झाडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी झाडू थांबवला नाही.

"मोठे भन्ते गाडीच्या छताला आतून बोट टेकवायचे," ते म्हणाले. "फार तर तिथे चंदनाचे तीन ठिपके. काचेवर त्यांनी कधी काही लावलेलं मी बघितलं नाही. म्हणायचे, चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही ठेवू नये, मूर्तीसुद्धा नाही."

"मग हे सोनं?"

"सोन्याच्या पानांची पुडी बाजारात कुणालाही मिळते, बाबा. आमच्या दारात पण मिळते."

"काढलं तर पाप नाही ना लागणार?"

आता झाडू थांबला. "चाळीस वर्षं मिस्त्री आहेस ना? दिवा झाकणं पाप की उघडणं, हे मला विचारायला आलास?"

परत येताना मी विरोट शेठकडे गेलो आणि आवाज चढवला. तो म्हणाला, सोनं आधीच्या मालकाने लावलेलं होतं, त्यानेच तसं सांगितलं होतं, आणि मीही हात जोडले होते. खरं असेल, खोटं असेल. एकाने लावलं आणि तिघांनी हात जोडले, एवढं मला कळलं. त्या तिघांत पोटासाठी गाड्या तपासणारा मी एकटा होतो.

पंपाचा व्हॉल्व पितसानुलोक शहरातून मागवला, बसवला. त्यानंतरच्या दीड दिवसात लमियत मला तीनदा विचारून गेली, झालं का. मी म्हणालो होत आलंय. खरं तर गाडी झाली होती. माझीच तयारी व्हायची होती.

शेवटी एका सकाळी तिला बोलावलं.

"बसा वहिनी."

"बसायला वेळ नाही, मासे उन्हात आहेत."

"मासे राहू देत."

मासे राहू देत हे मी कधी म्हणत नाही, म्हणून ती बसली. मी शटर खाली ओढलं. यंत्राने व्हॉल्व बंद केल्यासारखा बिघाड मुद्दाम दाखवता येतो, तसा दाखवला. सोन्याची कड उजळली.

"उजळलं," ती म्हणाली, आणि तिचे हात आपोआप जोडले गेले.

"गाडी उभी आहे वहिनी. घाट नाही, चढ नाही. ते सोनं उजळत नाही, त्याच्या खाली दिवा आहे. इंजिन बिघडलं की लागतो तो."

मग मी सगळं सांगितलं. व्हॉल्व, चढ, इंजिन बंद पडलं असतं ते, विहारातलं, विरोट शेठचं. ती ऐकत राहिली. तिच्या जोडलेल्या हातांचं काय करावं तिला कळेना, ते तसेच मांडीवर राहिले.

"म्हणजे मी घाबरायचं तिथे पाय दाबत होते," ती म्हणाली.

"हो."

"दोन वर्षं."

"हो."

"गाडी तुम्ही बघितली होती ना? तीन तास बघितली. मला उन्हात उभं केलं होतं."

"बघितली होती. हे एवढं सोडून सगळं बघितलं."

"हे का सोडलं?"

"हात जोडले आणि उतरलो."

ती माझ्याकडे बघत होती. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

"मीही तेच केलं," ती शेवटी म्हणाली.

त्या वाक्याने मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटावी. वाटलं, सुटलो.

सोनं तिने स्वतःच काढलं. आधी नमस्कार केला, पुटपुटत माफी मागितली, कुणाची ते मला ऐकू आलं नाही. मग ओलं फडकं धरून नखाने खरवडलं. सगळं निघायला दहा मिनिटं लागली. काचेवर थोडा डिंक राहिला तो मी पेट्रोलने पुसला. किल्ली फिरवून दाखवली. इंजिनच्या आकाराचा छोटा नारिंगी दिवा लागला, इंजिन चालू केल्यावर विझला.

"रोज असंच होणार," मी म्हणालो. "आधी लागेल, मग विझेल. नाही विझला तर गाडी हलवायची नाही, मला बोलवायचं. घाटात लागला तर बाजूला घ्यायची, चाकाला दगड लावायचा."

"आधी लागेल, मग विझेल," ती शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली, आणि गाडी घेऊन गेली.

पाच दिवस तिचा भोंगा फक्त गावात वाजला. गाडी घाटाच्या फाट्यापर्यंत जायची आणि वळून परत यायची. वरच्या वाड्यांचे फोन मला यायला लागले, जणू मी तिचा मॅनेजर. एक म्हातारी म्हणाली, "काय रे थाविन, गाडी बिघडली की बाई?" मी म्हणालो गाडी ठीक आहे. "मग बाई दुरुस्त कर ना. तुझं काम काय आहे?"

मला झोप नीट लागत नव्हती. दिवा उघडा केला यात माझं काही चुकलं नव्हतं, पण त्या सोन्याबरोबर आणखीही काहीतरी खरवडलं गेलं होतं. चार वर्षं जी बाई घाटाच्या नावाने गार पडायची, तिला वर चढवलं होतं ते त्या चुरगळलेल्या पानांनी. ते खोटं होतं हे खरं. पण तेवढंच तिच्याकडे होतं. आता ती पुन्हा साइडकारवर येणार, असं सगळा बाजार बोलायला लागला.

सहाव्या दिवशी, अजून उजाडायचं होतं तेव्हा, माझ्या दारात भोंगा न वाजवता गाडी उभी राहिली. सांगाडा पिशव्यांनी गच्च भरलेला. लमियत खाली न उतरता म्हणाली, "मिस्त्री, शेजारी बसता का? घाटाच्या वरपर्यंत."

मी चहासुद्धा घेतला नाही. तसाच जाऊन बसलो. मला आनंदच झाला होता. चूक फेडायची अशी सरळ संधी माणसाला सहसा मिळत नाही. रस्ताभर ती बोलली नाही. मीच बोलत होतो, इंजिन कसं छान चाललंय, आवाज कसा मोकळा आहे, चढाला दुसऱ्या गिअरवर ठेवा. ती दर वाक्याला माझ्याकडे बघून मान हलवायची.

घाटाच्या पायथ्याशी, पहिला चढ लागायच्या आधी, तिने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. बोटं पांढरी पडली होती.

"घाबरू नका," मी म्हणालो. "मी आहे ना."

"तेच," ती म्हणाली. "उतरा."

"काय?"

"उतरा, मिस्त्री. रागाने म्हणत नाही. बुनथियम होता तेव्हा मी त्याच्याकडे बघून हा घाट चढले. मग दोन वर्षं सोन्याकडे बघून चढले. आता फाट्यापासून इथपर्यंत मी तुमच्याकडे बघत आले. वर पोचेनही. पण मग गाडीकडे मी बघायचं कधी?"

मी उतरलो. तिने खिडकीतून चिकट भात आणि भाजलेल्या मांसाची एक पिशवी काढून माझ्या हातात दिली, परत जाईपर्यंत भूक लागेल म्हणाली. गाडी वर गेली.

मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ऐकत राहिलो. चढावर इंजिनाचा आवाज लांबपर्यंत ऐकू येतो. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. आवाज एकसारखा होता, कुठे खोकला नाही, अडखळणं नाही. आणि तिसऱ्या वळणाशी तो एकदम बंद झाला.

मी एकसष्ट वर्षांचा आहे आणि गुडघे गॅरेजच्या फरशीने खाल्लेले आहेत, तरी मी पळत सुटलो. भाताची पिशवी हातातच होती. कानात माझ्याच श्वासाचा आवाज, आणि डोक्यात एकच, की व्हॉल्व नीट बसवला होता का, बोल्ट आवळला होता का, बुनथियमची गाडी मागे आली तेव्हा कुणी ऐकलं होतं का. पहिल्या वळणावरच्या देव्हाऱ्यापाशी, लोकांनी नवसाला वाहिलेल्या सिमेंटच्या झेब्र्यांच्या रांगेपुढे, मी अडखळून गुडघ्यावर पडलो. तेव्हा वर स्टार्टरचा आवाज आला. इंजिन चालू झालं. आवाज पुढे सरकला, चढला, वरच्या वळणांत गेला आणि ऐकू येईनासा झाला.

दुपारी ती माझ्या दारात आली. सांगाडा रिकामा. मी गुडघ्याला औषध लावत बसलो होतो, आणि आता मात्र माझा ताबा सुटला.

"तिसऱ्या वळणावर काय झालं होतं? बंद का पडली?"

"पडली नाही. मी बंद केली."

"भर चढावर? त्या जागेवर? वहिनी, तुम्हाला वेड लागलंय का?"

"हँडब्रेक ओढला होता. तुम्हीच सांगितलेलं तसा चाकाला दगडही लावला होता." तिने मासे ठेवायची पेटी खाली उतरवली. "त्याची गाडी जिथे गेली तिथेच किल्ली फिरवून बघायची होती. लागतो का, विझतो का."

"मग?"

"लागला. विझला," ती म्हणाली, आणि पेटीतलं बर्फाचं घाण पाणी सरळ माझ्या दारात ओतून निघून गेली.